ऑनलाइन कोर्सच्या कामाचं बिल: बेळगाव-निपाणी-खानापूरच्या नव्या फ्रीलान्सरांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात घरी बसून ऑनलाइन कोर्स तयार करणारी बरीच मुलंमुली आता दिसतात. कुणी शाळा-कॉलेजात शिकवता शिकवता या कामात आलं, कुणी इंजिनिअरिंग करून. स्टोरीबोर्ड (पडद्यावर काय दिसेल, काय ऐकू येईल याचा आराखडा), स्क्रिप्ट, व्हॉइसओव्हर, क्विझ, एलएमएसवर (कोर्स चालवायच्या सॉफ्टवेअरवर) कोर्स चढवणं, सगळं नेटकं करतात. ग्राहक कधी पुण्याचा, कधी कोल्हापूरचा, कधी बेंगळूरचा. काम वेळेवर जातं आणि पैसे मात्र महिनोन्‌महिने लटकतात.

मी हेच काम करतो आणि नव्याने येणाऱ्यांची बिलं बघून देतो. पैसे अडकतात ते बहुतेक वेळा ग्राहकाच्या मनात खोट असते म्हणून नाही. तुमचं काम ज्याला आवडलं तो माणूस वेगळा, पैसे सोडणारा वेगळा. अकाउंट्समधल्या त्या माणसाने तुमचा कोर्स उघडूनही पाहिलेला नसतो. त्याच्यासमोर असतं फक्त तुमचं बिल. त्याला पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरं त्या कागदावर सापडली तर बिल पुढे सरकतं, नाही सापडली तर बाजूला राहतं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत.

आयकराचा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होतो आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलतात. इथे मी सगळ्यांच्या तोंडी असलेले जुने क्रमांक वापरले आहेत, कारण कंपन्यांची माणसं अजून त्याच भाषेत बोलतात.

१. कागद आधी जुळवून ठेवा

पहिलं काम मिळण्याआधीच एका फोल्डरमध्ये हे ठेवा:

- पॅन कार्ड आणि आधार
- रद्द केलेला चेक किंवा पासबुकाचं पहिलं पान
- उद्यम नोंदणीचं (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं) प्रमाणपत्र
- जीएसटी नोंदणी असेल तर तिचं प्रमाणपत्र, नसेल तर 'माझी नोंदणी नाही' असं सही केलेलं पत्र
- स्वतःच्या बिलाचा कोरा नमुना

मोठी कंपनी पहिल्या बिलाआधी व्हेंडर फॉर्म, म्हणजे काम पुरवणाऱ्याच्या माहितीचा फॉर्म, भरून घेते. तो फॉर्म अर्धवट राहिला तर बिल त्यांच्या सिस्टीममध्ये चढतच नाही. म्हणून काम सुरू झालं त्याच आठवड्यात विचारा, 'व्हेंडर म्हणून माझी नोंद झाली का?'

आपल्या भागातल्या तीन अडचणी इथे सांगतो. पहिली नावाची. आपली मराठी नावं कर्नाटकातल्या कागदांवर कन्नडवरून इंग्रजीत येतात आणि स्पेलिंग बदलतं. ज्ञानेश्वर एका कागदावर 'डी'पासून सुरू होतो, दुसऱ्यावर 'जे'पासून. कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर. पॅन, आधार आणि बँक खातं यांतलं नाव एकसारखं करून घ्या. बिलावर पॅनवरचंच नाव टाका.

दुसरी अडचण आयएफएससी कोडची. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली आणि १ जुलै २०२१ पासून तिचे जुने कोड बंद झाले. आपल्याकडे अनेक घरांत जुनी पासबुकं अजून आहेत. त्यावरून कोड उतरवू नका, बँकेकडून आजचा घ्या.

तिसरी पत्त्याच्या पुराव्याची. ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती कन्नडमध्ये असते आणि पुण्याच्या ऑफिसात ती कुणाला वाचता येत नाही. आधारवर इंग्रजी पत्ता असतोच, तोच पाठवा. गाव कुठे बेळगाव, कुठे बेळगावी असं लिहिलेलं असतं. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी आहे, तेव्हा बिलावर ते आणि पिनकोड टाकला की प्रश्न उरत नाही.

२. बिलातल्या ओळी कामाआधीच ठरतात

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. बिल वादात सापडतं ते आकड्यावरून कमी, आणि 'हे काम त्यात होतं की नव्हतं' यावरून जास्त.

आधी दर कशाचा ते ठरवा. तयार झालेल्या व्हिडिओच्या मिनिटामागे, मॉड्यूलमागे की कामाच्या तासामागे? नव्या माणसाने मॉड्यूलमागे दर घ्यावा, असं माझं मत. तासांचा हिशेब ग्राहकाला पटवत बसावा लागतो. मिनिटांच्या दरात घोटाळा असा की ग्राहक शेवटी व्हिडिओ छाटून छोटा करतो आणि तुमची मेहनत बिलातून गायब होते. मिनिटांवरच ठरलं तर 'मंजूर स्क्रिप्टच्या लांबीप्रमाणे' असं लिहून घ्या.

मग दुरुस्तीच्या फेऱ्या. स्टोरीबोर्डवर दोन आणि तयार मॉड्यूलवर एक फेरी दरात धरलेली, पुढची प्रत्येक फेरी वेगळ्या पैशांची, हे आकड्यात लिहा. दुरुस्ती कशाला म्हणायचं आणि नवीन काम कशाला, तेही लिहा. मंजूर झालेल्या स्टोरीबोर्डात नंतर बदल आला तर ते नवीन काम.

मंजुरीचं कलम तर हवंच हवं. कंपनीतला विषयतज्ज्ञ आपल्या रोजच्या कामात असतो, तुमचा स्टोरीबोर्ड त्याच्या मेलमध्ये तीन-तीन आठवडे पडून राहतो. तोवर तुमचा हप्ता देय होत नाही. यावर उपाय एकच ओळीचा: 'सात कामकाजाच्या दिवसांत लेखी प्रतिसाद न आल्यास टप्पा मंजूर समजला जाईल.' बहुतेक कंपन्या ही ओळ मान्य करतात, फक्त सुरुवातीलाच मांडावी लागते.

पैसे टप्प्यांत घ्या. काम सुरू करताना ३० टक्के, स्टोरीबोर्ड मंजूर झाल्यावर ३०, पहिली चालणारी आवृत्ती दिल्यावर ३०, अंतिम फाइल दिल्यावर १०. शेवटचा हप्ता लहानच ठेवा, कारण अडकतो तोच.

आता भाषेचं. आपल्याकडची मुलं मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी सहज सांभाळतात. ग्राहकाच्या हे लगेच लक्षात येतं आणि मग मागणी येते, 'तुम्हाला कन्नड येतंच ना, तेवढं व्हर्जनही करून द्या.' नाही म्हणू नका, पण फुकटही देऊ नका. दुसऱ्या भाषेतल्या आवृत्तीला भाषांतर लागतं, नवा व्हॉइसओव्हर लागतो, पडद्यावरचा मजकूर पुन्हा बसवावा लागतो, आणि कन्नड वाक्याची लांबी बदलली की ॲनिमेशनची वेळही बदलते. प्रत्येक भाषेला कोटेशनमध्ये वेगळी ओळ आणि वेगळा दर द्या. सीमाभागात वाढल्यामुळे हे कौशल्य आपल्याला मिळालं आहे. बेंगळूर किंवा पुण्याच्या कंपनीला ते एकाच माणसात शोधायला फार फिरावं लागतं.

शेवटी मालकी हक्क. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं धरलं जातं. म्हणून कंपनी तुमच्याकडून हक्कांचा कागद मागणारच. त्यात 'संपूर्ण रक्कम जमा झाल्यावर हक्क ग्राहकाकडे जातील' ही ओळ घाला. मूळ एडिट करता येणाऱ्या फाइल्सही त्याच वेळी द्यायच्या, असं ठरवा.

हे सगळं ईमेलवर ठरलं तरी चालतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०ए इलेक्ट्रॉनिक करार मान्य करतं. फोनवर ठरलं असेल तर त्याच संध्याकाळी मेल टाका, 'आपलं असं ठरलं, कृपया मान्य असल्याचं कळवा.' आलेलं उत्तर जपून ठेवा.

३. जीएसटी घ्यायचा का?

आपल्या भागात सगळ्यात जास्त गैरसमज याच बाबतीत आहेत. कोल्हापूर तासा-दोन तासांवर असलं तरी जीएसटीच्या दृष्टीने ते दुसरं राज्य. त्यामुळे नव्या मुलांना कुणीतरी सांगतं, 'राज्याबाहेर बिल म्हणजे पहिल्या रुपयापासून नोंदणी.' सेवांच्या बाबतीत हे खरं नाही. ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेने सेवा देणाऱ्यांना राज्याबाहेरच्या कामालाही तीच २० लाखांची सूट दिली आहे. वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या ग्राहकासाठी नोंदणी सक्तीची नाही. मात्र ही उलाढाल एका पॅनवरच्या सगळ्या कामांची मिळून धरतात. संध्याकाळचे क्लास घेत असाल तर ती फीसुद्धा त्यात आली.

दुसरा गैरसमज: 'शिक्षणाला जीएसटी नसतो.' सूट आहे ती मान्यताप्राप्त शिक्षणसंस्था विद्यार्थ्यांना देते त्या सेवेला, आणि संस्थेला मिळणाऱ्या ठरावीक सेवांना. कंपनीसाठी तुम्ही बनवलेला कोर्स त्यात बसत नाही, त्यावर १८ टक्के दर लागतो.

नोंदणी नसेल तर बिलात जीएसटीची रक्कम दाखवू नका आणि वर 'टॅक्स इन्व्हॉइस' असं लिहू नका. नोंदणी नसताना कर गोळा करायला कायद्याने मनाई आहे. नुसतं 'इन्व्हॉइस' लिहा आणि खाली 'जीएसटी नोंदणी नाही' अशी ओळ टाका.

नोंदणी असेल तर ग्राहकाच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे बघा. कर्नाटकाचा कोड २९, महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०. हुबळी-बेंगळूरच्या ग्राहकाला ९ टक्के सीजीएसटी (केंद्राचा) आणि ९ टक्के एसजीएसटी (राज्याचा). कोल्हापूर, पुणे किंवा पणजीच्या ग्राहकाला १८ टक्के आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा). काही कंपन्यांची कार्यालयं दोन्ही राज्यांत असतात. कुठल्या कार्यालयाच्या नावे बिल करायचं ते आधी लेखी विचारून घ्या. इथे चूक झाली तर त्यांना त्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, घेताना अडचण येते आणि बिल परत येतं.

लहान सेवा व्यावसायिकांसाठी ६ टक्क्यांची कंपोझिशन योजना (उलाढालीवर सरसकट कमी दराने कर) आहे, उलाढाल ५० लाखांपर्यंत. ऐकायला सोपी वाटते, पण त्यात राज्याबाहेर सेवा देता येत नाही. ज्याचे ग्राहक महाराष्ट्रात आहेत त्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

नोंदणी करायचीच झाली तर घराचं वीजबिल लागतं. हेस्कॉमचं बिल वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र जोडा. आणि कोल्हापूरच्या मामांच्या पत्त्यावर नोंदणी करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. काम जिथून करता तिथलीच नोंदणी.

४. बिल लिहा

- वर तुमचं नाव, पत्ता, फोन, ईमेल, पॅन, असल्यास जीएसटी क्रमांक
- बिल क्रमांक आणि तारीख
- ग्राहकाचं नोंदणीकृत नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक
- त्यांचा परचेस ऑर्डर (कामाची लेखी ऑर्डर) क्रमांक
- कामाचं वर्णन, टप्पा, दर, रक्कम
- कर, एकूण रक्कम अंकी आणि अक्षरी
- देय तारीख
- खातेदाराचं नाव, खाते क्रमांक, आयएफएससी
- उद्यम क्रमांक
- सही

बिल क्रमांकाची मालिका आर्थिक वर्षाप्रमाणे ठेवा, उदाहरणार्थ 'बीजीएम/२६-२७/०१४'. जीएसटीच्या नियमात क्रमांक १६ अक्षरांच्या आत असावा लागतो आणि वर्षात पुन्हा यायला नको. मधला क्रमांक गाळू नका. बिल रद्द झालं तरी तो क्रमांक 'रद्द' म्हणून नोंदीत राहू द्या.

वर्णनाकडे नीट लक्ष द्या. 'ई-लर्निंगचं काम, ६०,००० रुपये' यातून अकाउंट्सवाल्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'अग्निसुरक्षा प्रशिक्षण कोर्स, मॉड्यूल १ ते ४, मराठी आवृत्ती. टप्पा २: स्टोरीबोर्ड. अमुक तारखेच्या ईमेलने मंजूर.' मंजुरीची तारीख ओळीतच आली की त्याला प्रोजेक्ट मॅनेजरला विचारत बसावं लागत नाही.

जीएसटी नोंदणी असल्यास सॅक कोडही (सेवेचा प्रकार सांगणारा क्रमांक) हवा. पाच कोटींच्या आतल्या उलाढालीला चार आकडे पुरतात. हे काम बहुधा ९९८३ मध्ये धरतात, तरी तुमच्या कामाचं स्वरूप सांगून सीएकडून एकदा पक्कं करून घ्या.

ॲडव्हान्स मागताना पक्कं बिल करू नका, प्रोफॉर्मा पाठवा. प्रोफॉर्मा म्हणजे मागणीपत्र, त्यावर कर देय होत नाही. पक्कं बिल केलं की पैसे येवोत न येवोत, जीएसटी तुमच्या खिशातून भरावा लागतो. सेवांमध्ये ॲडव्हान्स जमा झाला की त्यावरही कर लागतो, हे मात्र विसरू नका.

५. टीडीएस समजून घ्या

६०,००० चं बिल दिलं आणि ५४,००० आले, की नवी मुलं घाबरतात. कंपनीने १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापून तो तुमच्या पॅनवर सरकारजमा केलेला असतो. पैसे गेलेले नाहीत, रिटर्न भरताना ते हिशेबात येतात.

व्यावसायिक फी म्हणून धरलं तर कलम १९४जे खाली १० टक्के, कंत्राटी काम म्हणून धरलं तर १९४सी खाली व्यक्तीला १ टक्का. एकच काम दोन कंपन्या दोन पद्धतींनी धरतात, म्हणून कोटेशनच्या वेळीच विचारा. १९४जे ची वार्षिक मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ३०,००० वरून ५०,००० झाली आहे. पॅन दिला नाही तर २० टक्के कापतात.

जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस मूळ रकमेवरच कापायचा असतो. ६०,००० वर १०,८०० जीएसटी, एकूण ७०,८००. टीडीएस ६,०००, खात्यात ६४,८००. त्यातले १०,८०० तुमचे नाहीत, ते दुसऱ्या खात्यात काढून ठेवा.

फॉर्म १६ए (टीडीएस कापल्याचा दाखला) दर तिमाहीला मागून घ्या आणि आयकराच्या साइटवर २६एएस (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता) उघडून कापलेली रक्कम जमा झाली का ते बघा. रिटर्न भरायची वेळ आल्यावर शोधाशोध नको.

६. पाठवायचं कुणाला

पीडीएफ करून अकाउंट्सच्या पत्त्यावर पाठवा आणि प्रोजेक्ट मॅनेजरला प्रत द्या. व्हॉट्सअॅपवर नुसता फोटो पाठवला म्हणजे बिल दिलं असं धरू नका. विषयाच्या ओळीत बिल क्रमांक, परचेस ऑर्डर क्रमांक आणि रक्कम लिहा. सोबत मंजुरीचा ईमेल जोडा. अनेक कंपन्यांत ठरावीक तारखेपर्यंत आलेलीच बिलं त्या महिन्यात घेतात. ती तारीख विचारून घ्या.

७. परदेशी ग्राहक

बिल त्यांच्या चलनात करा. पैसे आल्यावर बँकेकडून परकीय रक्कम जमा झाल्याचा दाखला घ्या. जीएसटी नोंदणी असेल तर दरवर्षी एलयूटी (जीएसटीचं हमीपत्र) भरली की कर न लावता निर्यात दाखवता येते. त्यांच्याकडून ॲडव्हान्स थोडा जास्त मागा, कारण पुढे वसुलीचा जो मार्ग सांगितला आहे तो फक्त भारतातल्या ग्राहकाला लागू पडतो.

८. वर्षाचे कर

वर्षाचा आयकर टीडीएस वजा जाता १०,००० किंवा जास्त निघत असेल तर ॲडव्हान्स टॅक्स भरावा लागतो: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. कलम ४४एडीए खाली निम्मं उत्पन्न नफा धरण्याची सोय ठरावीक व्यवसायांनाच आहे. तुमचं काम त्यात बसतं का ते सीएला विचारूनच वापरा. व्यवसाय कर कर्नाटकाच्या खात्यात भरायचा, ग्राहक महाराष्ट्रातला असला तरी. तो वर्षाला २,५०० च्या वर जात नाही.

९. पैसे आले नाहीत तर

उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि तिला एक पैसाही लागत नाही. पैसे घेऊन करून देणारे एजंट भेटतील, त्यांच्याकडे जाऊ नका. नोंदणी काम घेण्याआधी करा. वाद झाल्यावर केलेली नोंदणी जुन्या बिलांना उपयोगी पडेल असं धरू नका.

नोंदणी असली की एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायदा २००६ तुमच्या बाजूने उभा राहतो. करारात मुदत लिहिली नसेल तर १५ दिवसांत, लिहिली असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. कंपनीने '९० दिवस' छापलं असलं तरी कायदा ४५ च मानतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय एप्रिल २०२४ पासून आयकरात अशी तरतूद आहे की सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल मुदतीत न दिल्यास तो खर्च कंपनीला प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच वजा मिळतो. कंपनीच्या अकाउंट्सवाल्याला ही तरतूद पाठ असते. म्हणून तर उद्यम क्रमांक बिलावर छापायचा.

पाठपुरावा असा करा. देय तारखेच्या तीन दिवस आधी साधी आठवण. तारीख गेल्यावर आठवड्याने दुसरा मेल, बिल पुन्हा जोडून, भाषा मऊच ठेवून. १५ दिवसांनी अकाउंट्सला फोन, आणि फोनवर जे बोलणं झालं त्याचा मेल. ४५ दिवस उलटल्यावर उद्यम क्रमांक, कायद्याचं कलम १५ व १६ आणि व्याजाचा आकडा लिहिलेलं पत्र. अनेक बिलं या पत्रावरच सुटतात.

तरीही नाहीच आले तर एमएसएमई मंत्रालयाच्या थकलेल्या बिलांसाठीच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करा. आपल्या माणसांना मोठी भीती असते की ग्राहक पुण्याचा, मग पुण्याला खेटे घालावे लागणार. तसं नाही. कायद्याच्या कलम १८ प्रमाणे पुरवठादार ज्या राज्यात आहे तिथल्या परिषदेला (थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाला) अधिकार असतो, ग्राहक भारतात कुठलाही असो. तुमचा अर्ज कर्नाटकातल्या परिषदेकडेच जातो. अर्जासोबत करार किंवा ठरल्याचा ईमेल, परचेस ऑर्डर, बिल, मंजुरीचा ईमेल आणि पाठपुराव्याचे मेल जोडा.